सुट्टीतले क्रेडिट आणि उन्हाळ्याचे तास

नवे शैक्षणिक धोरण तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत पोहोचल्यापासून एक सल्ला वारंवार कानावर येतो. मे महिना मोकळा असतो, तेव्हा उन्हाळी सत्रात जितके विषय उरकता येतील तितके उरकावेत. क्रेडिट साठतात, पदवी लवकर पदरात पडते आणि पोरे सुट्टीत नुसती हिंडत नाहीत. सल्ला देणारे हितचिंतकच असतात. तरीही हा सल्ला उथळ आहे, कारण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत टिकतच नाही. इथला मे महिना मोकळा नसतो. पावसाळ्याआधीची शेतीची कामे, पाण्याची ओढाताण, लग्नसराई आणि रोख मजुरी मिळण्याची शेवटची संधी, हे सगळे याच सहा-आठ आठवड्यांत एकावर एक येऊन पडते.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या दोन तालुक्यांतल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात एकच विषय घ्यावा. काहींनी एकही घेऊ नये आणि त्यात कमीपणा मानू नये. दोन विषय ठरावीक अटी पूर्ण होत असतील तरच घ्यावेत. तीन कोणीही घेऊ नयेत. ही संख्या हुशारी किंवा जिद्द मोजून काढायची नसते. विद्यार्थ्याच्या हातात खरोखर किती तास उरतात, यावरून ती काढायची असते. आणि ते तास वाढवण्याची निम्मी जबाबदारी कॉलेजची आहे, ही या म्हणण्याची दुसरी बाजू.

१. नियम काय देतात

प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्रात नव्या धोरणानुसार पदवीचे वर्ग स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाले. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाडजवळच्या शिवळे गावातले शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाला संलग्न कॉलेजे. जून २०२४ मध्ये अशा कॉलेजांत पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण करील. या मुलामुलींच्या हातात मोठ्या भावंडांना कधी न मिळालेले पर्याय आले आहेत. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेली क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट जाहीर केली, तिच्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचे धरले आहे. मधल्या टप्प्यावर बाहेर पडणाऱ्यांना चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण या सत्रात करावे लागते. इतरांसाठी नेहमीचे विषय वेगाने शिकवून जादा क्रेडिट मिळवण्याची किंवा राहिलेले विषय सोडवण्याची मुभा आहे. कोणते विषय द्यायचे हे कॉलेजने शिक्षकांची उपलब्धता आणि विद्यार्थ्यांची संख्या पाहून ठरवायचे आहे. चौकट दार उघडते. आत किती ओझे घेऊन शिरायचे, हे मात्र ती सांगत नाही, आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

२. क्रेडिट नका मोजू, तास मोजा

एका क्रेडिटमागे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा लेखी विषय वर्गात ६० तास घेतो. आठ आठवड्यांत आठवड्याला साडेसात तास, सहा दिवसांत वाटले तर रोज सव्वा तास. बहुतेकांची आकडेमोड इथे थांबते, आणि म्हणूनच त्यांना दोन काय, तीन विषयही सहज झेपतील असे वाटते. पण वर्गात बसणे म्हणजे विषय शिकणे असे कोणताच अनुभवी प्राध्यापक म्हणणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने वर्षाची ४० क्रेडिट १२०० तासांच्या बरोबरीची धरली आहेत. म्हणजे एका क्रेडिटला ३० तास, ज्यात वर्ग, वाचन, सराव, गृहपाठ आणि परीक्षा सगळे आले. या मापाने चार क्रेडिटचा एक विषय १२० तासांचा होतो. आठ आठवड्यांत आठवड्याला १५ तास. दोन विषयांना ३०, तीन विषयांना ४५.

आता हा ४५ चा आकडा नेहमीच्या सत्राशी ताडून पाहा. २२ क्रेडिटचे सत्र म्हणजे ६६० तास. ते साधारण १५ आठवड्यांत पसरले तर आठवड्याला ४४ तास पडतात. म्हणजे उन्हाळ्यात तीन विषय घेणारा विद्यार्थी सुट्टीत थोडा जादा अभ्यास करत नसतो, त्याने आणखी एक पूर्ण सत्र अंगावर घेतलेले असते. फरक इतकाच की त्या सत्रात ग्रंथालयाची वेळ कमी असते, निम्मे शिक्षक रजेवर असतात आणि दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. शिवाय कागदावरचे आठ आठवडे प्रत्यक्षात क्वचित मिळतात. परीक्षा लांबत लांबत मेमध्ये शिरतात आणि जूनच्या मध्यावर नवे वर्ष उभे राहते. हातात सहा आठवडे आले तर एका विषयाचे आठवड्याचे तास २०, दोन विषयांचे ४० आणि तीन विषयांचे ६० होतात. साठ तासांचा अभ्यास निवासी कॉलेजातल्या आणि घरचे एकही काम नसलेल्या मुलालाही झेपत नाही. तीन विषय कोणीच घेऊ नयेत, हे माझे म्हणणे या साध्या गुणाकारावर उभे आहे.

वेगाने शिकण्याची आणखी एक किंमत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सलग बसून केलेल्या पाठांतरापेक्षा दिवस मध्ये सोडून वाटून केलेली उजळणी जास्त टिकते, हे तेव्हा दिसले आणि नंतरच्या संशोधनाने ते पुन्हा पुन्हा पक्के केले. सहा आठवड्यांत कोंबलेला विषय परीक्षेपुरता साथ देतो. पुढच्या सत्रात त्याच विषयावर दुसरा विषय रचायचा असेल तेव्हा पाया पोकळ निघतो.

३. मे महिना कोणाचा मोकळा?

डोळखांब, किन्हवली, कसाऱ्याच्या वरचे पाडे, टोकावडे, धसई, सरळगाव. या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे भाताच्या वर्षाची सुरुवात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून तयार करण्यासाठी, फांद्या तोडून आणायच्या, शेण, पातेरा, गवत यांचे थर लावायचे, राब भाजायचे, बांध नीट करायचे आणि रोहिणी-मृगाच्या सुमाराला पेरणीला तयार राहायचे. छपराची डागडुजी, सरपण, गोवऱ्या, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी याच दिवसांत होते. जंगलालगतच्या घरांत करवंदे, जांभळे, आंबे गोळा करून घाटरस्त्यांच्या कडेला विकणे ही वर्षातली मोजकी रोख मिळकत असते. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी या कामांतून सुटत नाही. वर्षभर ती कामे आई-बापांनी आणि धाकट्यांनी ओढलेली असतात, त्यामुळे सुट्टीत घर त्यांच्याकडे हक्काने पाहते. हा हक्क रास्त आहे.

पाण्याचे तर विचारूच नये. तानसा तलावातून १८९२ पासून मुंबईला पाणी जाते, भातसा आज त्या शहराचा मोठा आधार आहे आणि दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. टँकर केव्हा येईल याचे वेळापत्रक कोणाकडे नसते. आला की हंडे घेऊन धावायचे, नाहीतर विहिरीत झरा भरेपर्यंत बसून राहायचे. हे काम कोणावर पडते हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे सुट्टीत विषय किती घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर एकाच घरातल्या भावाला आणि बहिणीला वेगवेगळे येते. जो सल्ला दोघांना एकच आकडा सांगतो, त्याने बहिणीचे तास मोजलेलेच नाहीत.

उरते रोख कमाई. मुरबाडची औद्योगिक वसाहत, आसनगावचे कारखाने, भिवंडीची गोदामे, लग्नाचे मंडप आणि पंगती, भेंडी-काकडीची तोडणी, काही घरांत दिवाळीनंतर गेलेल्या आई-बापांसोबत वीटभट्टीवरचे शेवटचे आठवडे. या मजुरीतून जूनमधले प्रवेशाचे पैसे, बसचा पास आणि पुस्तके निघतात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती बहुतेक वेळा उशिरा जमा होते, तोवर खर्च हातचाच करावा लागतो. उन्हाळी विषयाची फी भरणे आणि त्याच आठवड्यांची मजुरी बुडवणे असा दुहेरी खर्च विद्यार्थ्यावर पडतो. 'अमेरिकेत मुले उन्हाळी विषय घेतातच की,' असे सांगणाऱ्यांनी तिथला इतिहासही पाहावा. हार्वर्डमध्ये उन्हाळी वर्ग १८७१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून ही प्रथा तिथे रुळली. तरी गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी पेल अनुदान उन्हाळ्यासाठी जादा मिळत नसेल तर ती मुले उन्हाळी सत्रात टिकत नाहीत, या कारणावरून तिथे वर्षानुवर्षे वाद झाला. जादा अनुदान २०११ मध्ये बंद केले गेले आणि २०१७ मध्ये पुन्हा द्यावे लागले. श्रीमंत देशातही सुट्टीतले शिक्षण पैशाची सोय केल्याशिवाय गरिबाला पेलले नाही. मग शहापूर-मुरबाडमध्ये ते केवळ जिद्दीवर पेलेल, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

४. रस्त्यात जाणारे तास

शहापूरला रेल्वे निदान आसनगावपर्यंत आहे. वासिंद, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांच्या आसपासच्या मुलांना लोकल मिळते. मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही. कल्याण ते माळशेज या एका रस्त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या फाट्यांवर सगळी भिस्त. सुट्टीत एसटीच्या गाड्या लांब पल्ल्याकडे आणि लग्नाच्या करारांकडे वळतात, शाळा-कॉलेजच्या फेऱ्या रोडावतात. मग उरतात वडाप आणि पायपीट. एका बाजूला दीड तास धरला तर सहा दिवसांचे १८ तास होतात. चार क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला १५ ते २० तास लागणार आणि त्याच्यासाठी १८ तास रस्त्यात जाणार. एका विषयातच आठवडा संपला.

इथे दोन विषयांच्या बाजूचा सर्वात बळकट मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. प्रवास एकदाच करायचा आहे, तर त्याच फेरीत दुसरा विषय का उरकू नये? हिशेब खरा आहे. दुसऱ्या विषयाने वर्गाचे आणि अभ्यासाचे तास वाढतात, रस्त्याचे वाढत नाहीत. म्हणूनच दोन ही संख्या मी सरसकट बाद केलेली नाही. पण ती ज्याला खरोखर परवडते तो विद्यार्थी कॉलेजच्या गावात किंवा स्थानकाजवळ राहतो, त्याच्यावर घरचे पाणी आणि राब यांचा भार नाही आणि त्याला जूनचे पैसे कमवायचे नाहीत. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर दोन विषय घ्यावेत. एक जरी नसेल तर फेरीत वाचलेले तास दुसरीकडे खर्च होऊन जातात. लांबून येणारी मुलगी रोज तीन तास प्रवास करून, दुपारी घरी पोहोचून, पाणी भरून, रात्री दोन विषयांचा अभ्यास करील असे वेळापत्रक कागदावर मांडता येते, पण दुसऱ्याच आठवड्यात ते मोडते. ते मोडले की एकही विषय धड होत नाही आणि पदरात दोन अनुत्तीर्ण शेरे येतात. घरातल्यांच्या मनात मुलीच्या शिक्षणाविषयी आधीच शंका असेल तर ते दोन शेरे पुरेसे ठरतात.

वसतिगृहाचा पर्याय नाही का? आदिवासी विकास विभागाची आणि समाजकल्याणची वसतिगृहे सत्राच्या तारखांना बांधलेली असतात, सुट्टीत ती रिकामी करावी लागतात. ज्यांना वसतिगृहाची सर्वात जास्त गरज आहे तेच विद्यार्थी उन्हाळ्यात सर्वात लांब फेकले जातात. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. या क्षेत्रात उन्हाळी सत्र सुरू करताना वसतिगृह चालू ठेवण्याचा विचार न करणे म्हणजे ते सत्र रस्त्यालगतच्या गावांपुरते राखून ठेवणे आहे.

५. मग शून्यच का नको?

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, इतक्या अडचणी असतील तर उन्हाळी विषयाचे नावच काढू नका. हे उत्तर सोपे आहे, पण तेही चुकीचे आहे. परीक्षा संपल्यापासून जूनचे वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ हा शिक्षण सुटण्याचा काळ आहे. गोदामात किंवा कारखान्यात लागलेला मुलगा जूनमध्ये 'आता एवढा महिना करतो' म्हणतो आणि परत येत नाही. मुलीचे स्थळ मेमध्येच येते, कारण पाहुणे मेमध्येच फिरतात. परीक्षा झाली, कॉलेज बंद आहे, पुढचे ठरलेले काही नाही, अशा मुलीला 'अजून शिकायचे आहे' हे म्हणायला आधार कमी पडतो. तिचा एखादा विषय चालू असेल, आठवड्यातून तीन दिवस तिला कॉलेजात जायचे असेल आणि जुलैत त्याचा निकाल लागणार असेल, तर तोच आधार होतो. उन्हाळी विषयाचे या भागातले खरे मोल त्याने कॉलेजशी नाते तुटू देत नाही यात आहे. चार क्रेडिट हा वरचा लाभ.

आणि नाते टिकवायला एक विषय पुरतो. दुसऱ्या विषयाने ते दुप्पट घट्ट होत नाही, उलट ताण वाढून तुटण्याची शक्यता वाढते. एक या आकड्यावर मी येतो तो या दोन बाजूंच्या मधून. तासांचा हिशेब दोनकडे जाऊ देत नाही आणि शिक्षण सुटण्याची भीती शून्यावर थांबू देत नाही. शून्य ज्यांनी निवडावे ते वेगळे आहेत. ज्यांचे सर्व विषय सुटलेले आहेत, जूनमध्ये परतण्याविषयी ज्यांच्या घरात शंका नाही आणि ज्यांच्या मजुरीवर पुढचे वर्ष उभे आहे, त्यांनी निःशंकपणे कमवावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दिला, त्यात कमावण्याच्या वेळेला अभ्यासाइतकाच मान होता. कमावून आलेला विद्यार्थी मागे पडला असे समजण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

६. तो एक विषय कोणता?

संख्या ठरली तरी निवड चुकली तर फायदा नाही. पहिला हक्क केटी लागलेल्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयाचा. तो विषय विद्यार्थ्याने एक सत्रभर ऐकलेला असतो, पुस्तक ओळखीचे असते, अडते कुठे हे साधारण माहीत असते. एबिंगहाउसने दाखवलेला तोटा इथे लागू होत नाही, कारण ही दुसरी फेरी असते आणि मध्ये काळ गेलेला असतो. वेगाने शिकवण्याला सर्वात योग्य असा हाच विषय. शिवाय केटी मागे ठेवून पुढच्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्याला नव्या विषयांसोबत जुन्याचे ओझे वाहावे लागते, आणि गळतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

केटी नसेल तर भाषा, संगणक, कौशल्याचा किंवा मूल्यशिक्षणाचा विषय घ्यावा, जो स्वतंत्रपणे उभा राहतो. लेखाकर्म, सांख्यिकी, गणित, अर्थशास्त्राचे सिद्धांत असे पायरीपायरीने चढणारे विषय पहिल्यांदाच शिकायचे असतील तर उन्हाळ्यात घेऊ नयेत, मग शिक्षक कितीही चांगला असो. ज्याला पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे आहे त्याला मात्र निवड नाही, त्याने चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रमच करायचा, आणि त्याच्या जोडीला दुसरे काही घ्यायचे नाही.

७. आक्षेप: पदवी लवकर मिळते

आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगवान पदवीची योजना मंजूर केली. मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांपर्यंत विद्यार्थ्यांना तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण करता येईल. यावरून उन्हाळे भरून काढा आणि सहा महिने वाचवा, असा हिशेब मांडला जातो. पण ते सहा महिने जातात कुठे? पदव्युत्तर प्रवेश वर्षातून एकदा, उन्हाळ्यानंतर. बीएडची प्रवेश परीक्षा वर्षातून एकदा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्यांनाही देता येते. पोलीस भरतीला बारावी पुरते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पदवी हातात घेतलेला विद्यार्थी पुढच्या जूनपर्यंत बहुतांश वेळ थांबलेलाच असतो. दोन उन्हाळ्यांची मजुरी आणि झोप देऊन विकत घेतलेले सहा महिने असे वाट पाहण्यात जातात. ज्याच्या हातात पदवी पडताच पक्की नोकरी ठेवलेली आहे त्याला योजना उपयोगी आहे. अशी मुले या दोन तालुक्यांत फार नाहीत. त्याच वेळी आयोगाने पदवी दोन सत्रे लांबवण्याचीही मुभा दिली आहे. तिची चर्चा कोणी करत नाही. इथल्या विद्यार्थ्यांच्या कामाची खरे तर तीच आहे.

८. आक्षेप: घरबसल्या ऑनलाइन करा

सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत भाग 'स्वयम्' या सरकारी मंचावरून घेता येतो. प्रवासाचे १८ तास वाचतील, हे खरे. पण तिथले बहुतेक अभ्यासक्रम जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते नोव्हेंबर या फेऱ्यांत चालतात, मे-जूनच्या पोकळीत बसत नाहीत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि पुष्कळसे साहित्य इंग्रजीत असते. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, घरात एकच मोबाइल असतो आणि तो दिवसा बापासोबत कामावर गेलेला असतो. आणि विषय नाते टिकवण्यासाठी घ्यायचा असेल, जसे मी वर म्हटले, तर घरबसल्या केलेला विषय त्यातले सर्वात मोलाचे काढून टाकतो. घरात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलीला कोणीही 'जरा पाणी आण' म्हणून उठवू शकते. वर्गात बसलेलीला उठवता येत नाही.

९. आक्षेप: कामालाच क्रेडिट द्या

हा आक्षेप मला सर्वात जवळचा वाटतो. राज्याच्या रचनेत प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना क्रेडिट आहेतच. मग उन्हाळ्यातल्या कामालाच ते का देऊ नयेत? द्यावेत, पण डोळे उघडे ठेवून. गोदामात खोके उचलणारा मुलगा मजूर आहे. त्याच्या कामावर कॉलेजचा शिक्का मारला म्हणून तो शिकाऊ होत नाही, मालकाला मात्र स्वस्त हात मिळतात. काम शिकण्याचे होण्यासाठी कोणीतरी शिकवणारा, काहीतरी नोंदवून ठेवणे आणि शेवटी त्यावर प्रश्न विचारणारा शिक्षक लागतो. हे तिन्ही असेल तर या भागाइतका समृद्ध विषय शोधून सापडणार नाही. पाड्यावर टँकर कोणत्या दिवशी आला, किती घरांना पाणी पुरले, कोणत्या विहिरीचा झरा कधी आटला, याची सहा आठवड्यांची नोंदवही भूगोलाच्या विद्यार्थिनीने ठेवली तर ती पाण्याला जाण्याच्या वेळेतच ठेवली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे, ग्रामसभेचे कामकाज, राबाची पद्धत आणि तिने जंगलावर पडणारा ताण, करवंद-जांभळाच्या विक्रीचा हिशेब, हे सारे बीए-बीकॉमच्या अभ्यासात बसणारे आहे. असा प्रकल्प हाच उन्हाळ्याचा एक विषय धरावा. वर्गातल्या विषयावर वाढीव म्हणून तो लादू नये.

१०. कॉलेजच्या वाट्याचे काम

याच ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळे होण्याच्या कितीतरी आधी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला मुलांच्या शिक्षणाचे काम केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. पुढे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर तिथल्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. दोन्ही ठिकाणी वेळापत्रक मुलाच्या कामाकडे पाहून आखले गेले. उन्हाळी सत्राला हाच धडा लागू आहे. वर्गाचे साडेसात तास सहा दिवसांत सव्वा-सव्वा तास वाटण्याऐवजी तीन दिवस अडीच-अडीच तास ठेवले तर प्रवास १८ तासांवरून ९ वर येतो, हे पुन्हा साधे गणित आहे. सकाळी आठ ते साडेदहा वर्ग घेतला तर ऊन चढण्याआधी मुले बसमध्ये असतात. डोळखांब किंवा टोकावड्याच्या हायस्कूलची खोली सुट्टीत रिकामीच असते, शिक्षकाने आठवड्यातून तीन दिवस तिथे जाणे हे चाळीस विद्यार्थ्यांनी तालुक्याला येण्यापेक्षा स्वस्त पडते. पेरणीच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा संपायला हवी. शुल्कमाफी आणि शिष्यवृत्ती उन्हाळी विषयाला लागू आहे की नाही, हे प्रवेशाच्या कागदावर लेखी असायला हवे.

सुट्टीतल्या शिकवण्याचे मानधन शिक्षकांना मिळायला हवे, हेही स्पष्ट म्हणतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना मेमध्ये बहुधा काहीच मिळत नाही. त्यांच्याकडून फुकट काम करून घेऊन उन्हाळी सत्र उभे करायचे असेल तर ते न केलेले बरे.

आणि विषयांची यादी शिमग्याआधी लागली पाहिजे. भट्टीवरच्या मुकादमाशी बोलणे, गोदामातल्या ओळखीच्या माणसाला शब्द देणे, लग्नाच्या तारखा धरणे, भाजीच्या मळ्यात तोडणीला जायचे ठरवणे, ही सगळी बोलणी या भागात होळीच्या आसपास होतात. एप्रिलच्या शेवटी, परीक्षेच्या धामधुमीत फलकावर लागलेली यादी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते तेव्हा त्यांचा उन्हाळा कोणाला तरी आधीच दिलेला असतो. फेब्रुवारीत विषय, दिवस, वेळ, जागा आणि फी कळली तर घरात बसून तासांचा हिशेब मांडता येतो, आणि मुलीच्या आई-बापांशी बोलायला वर्गशिक्षकाला दोन महिने मिळतात.